एका घटकेचे अंतर

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

फेब्रुवारीच्या अंकात एका उत्तराच्या ओघात "दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो" असे वाक्य आमच्या हातून लिहिले गेले, आणि त्यानंतर या सदराकडे आलेले टपाल जवळजवळ सगळेच घड्याळाविषयीचे निघाले. काटोल तालुक्यातील एका वाचकांनी तर अंगणात सब्बल रोवून आमची चूक मिनिटांत मोजून दाखवली आहे. त्यांच्या पत्राला शेवटी उत्तर दिले आहे. आधी दूरदेशीचा प्रश्न घेऊ.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात शिकत होता. उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी आठ वाजता, चहा झाला की मी फोन लावत असे, तेव्हा त्याच्याकडे शनिवारच्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असत. गेल्या जुलैत तो नोकरीसाठी त्याच राज्यातील इव्हान्सव्हिल शहरात गेला आणि पहिल्याच फोनवर म्हणाला, "आई, इथे साडेनऊच वाजलेत." नोव्हेंबरात साडेआठ झाले, आणि आता मार्चात पुन्हा साडेनऊ. माझा फोन मात्र नेहमी आठलाच असतो. एका राज्यात अशा किती वेळा असतात? की तोच मला काहीतरी सांगायचे टाळतो आहे?
(एक आई, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

उत्तर : मुलगा खरे तेच सांगतो आहे, आपण निश्चिंत असावे. इंडियानात ९२ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्या तालुक्यासारखा कारभाराचा भाग. त्यांपैकी ८० काउंट्या अमेरिकेच्या 'पूर्व' वेळेवर चालतात आणि १२ काउंट्या 'मध्य' वेळेवर, जी पूर्व वेळेच्या एक तास मागे असते. या बारांपैकी सहा वायव्येच्या कोपऱ्यात, शिकागो शहराच्या शेजारी आहेत आणि सहा नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, इव्हान्सव्हिलच्या आसपास. पर्ड्यू विद्यापीठ ज्या वेस्ट लाफायेट गावी आहे ते पूर्व वेळेत मोडते. म्हणजे आपल्या मुलाने राज्य सोडले नाही, पण वेळेची रेषा ओलांडली.

दुसरा फरक हंगामाचा आहे. अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनचे पुन्हा एक करतात. भारताचे घड्याळ वर्षभर हलत नाही, त्यामुळे आपल्यातले आणि त्यांच्यातले अंतर तेवढे बदलते. मुलगा पर्ड्यूला होता तेव्हा हे अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास होते. इव्हान्सव्हिलला ते उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा तास आहे. आपल्या सकाळच्या आठातून हे आकडे वजा केले की त्याने सांगितलेली प्रत्येक वेळ बिनचूक जुळते.

हा गोंधळ आजचा नाही, आणि आजचा गोंधळ पूर्वीच्या मानाने पुष्कळ सोपा आहे. १८८३ पर्यंत अमेरिकेत प्रत्येक गावाची स्वतःची सूर्यवेळ असे. त्या वर्षीच्या १८ नोव्हेंबरला रेल्वे कंपन्यांनी सरकारची वाट न पाहता देशाचे वेळेनुसार पट्टे पाडले, आणि कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब व्हायला १९१८ साल उजाडावे लागले. इंडियाना तेव्हा मध्य पट्ट्यात होते. राज्याचे तोंड मात्र दोन दिशांना आहे : वायव्येच्या लोकांचा रोजचा व्यवहार शिकागोशी, तर आग्नेयेच्या लोकांचा सिनसिनाटी आणि लुईव्हिल या पूर्व वेळेवर चालणाऱ्या शहरांशी. १९६१ साली पट्ट्याची रेषा राज्याच्या साधारण मधून नेण्यात आली, पुढे ती आणखी पश्चिमेला सरकली. १९६६ च्या कायद्याने उन्हाळी वेळ देशभर एकसारखी केली, पण ज्या राज्याला ती नको असेल त्याला नाकारण्याची मुभा ठेवली, आणि १९७२ च्या दुरुस्तीने दोन पट्ट्यांत विभागलेल्या राज्याला फक्त एका भागापुरतीही ती नाकारता येऊ लागली. इंडियानाने नेमके तेच केले. परिणाम असा की २००६ पर्यंत या एका राज्यात तीन तऱ्हा होत्या : बहुतेक काउंट्या पूर्व वेळेवर आणि घड्याळाला वर्षभर हात न लावणाऱ्या, कोपऱ्यांतल्या काउंट्या मध्य वेळेवर आणि वर्षातून दोनदा काटे फिरवणाऱ्या, आणि सिनसिनाटी व लुईव्हिलला खेटून असलेल्या पाच काउंट्या कायद्यात मुभा नसतानाही शेजारच्या शहराबरोबर काटे फिरवणाऱ्या. उन्हाळ्यात इंडियानापोलिसची वेळ शिकागोशी जुळे आणि हिवाळ्यात न्यूयॉर्कशी.

२००५ साली गव्हर्नर मिच डॅनियल्स यांच्या कारकिर्दीत कायदा झाला आणि एप्रिल २००६ पासून सबंध राज्य उन्हाळी वेळ पाळू लागले. तरीही पट्ट्याचा वाद मिटला नाही. काही काउंट्यांनी अर्ज करून मध्य वेळ मागून घेतली, वर्ष-दीड वर्षात त्यांना ती गैरसोयीची वाटली, आणि २००७ मध्ये त्या परत पूर्व वेळेवर गेल्या. हे अर्ज कोणाकडे करतात, हेही सांगण्यासारखे आहे : अमेरिकेत वेळेच्या पट्ट्यांचा कारभार केंद्राच्या वाहतूक खात्याकडे आहे. प्रमाणवेळ रेल्वेच्या पोटी जन्मली, त्याची ही खूण अजून शिल्लक आहे.

आपण फोन सकाळी आठलाच करावा. फक्त मार्च ते नोव्हेंबर साडेदहा आणि उरलेले महिने साडेअकरा, एवढे दोन आकडे कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवावेत.

प्रश्न : शेतकऱ्यांना कामाला जास्त उजेड मिळावा म्हणून अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, असे मी एका भाषणात ऐकले. हे खरे आहे का?
(एक कास्तकार, दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : नाही, उलट अमेरिकेतील शेतकरी या पद्धतीचे सर्वांत जुने विरोधक आहेत. कल्पना मांडणाऱ्यांपैकी जॉर्ज हडसन हे न्यूझीलंडमधील कीटकसंग्राहक होते. त्यांना कामावरून सुटल्यावर किडे गोळा करायला उजेड हवा होता म्हणून त्यांनी १८९५ साली हा प्रस्ताव ठेवला. अंमलबजावणी झाली ती पहिल्या महायुद्धात, कोळसा वाचवण्यासाठी. जर्मनीने १९१६ मध्ये सुरुवात केली आणि अमेरिकेने १९१८ मध्ये. युद्ध संपताच शेतकऱ्यांनी इतका जोर लावला की १९१९ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून तिथल्या संसदेने उन्हाळी वेळ रद्द केली.

कारण आपल्याला वेगळे सांगायला नको. गवतावरचे दहिवर उन्हाने उडते, घड्याळाने नाही. ते उडेपर्यंत कापलेले गवत उचलता येत नाही. गाय तिच्या वेळेला पान्हा सोडते. घड्याळ तासाने पुढे गेले की दुधाची गाडी तासाने लवकर येते आणि मजूर तासाने लवकर घरी जातो, दहिवर मात्र तेवढेच राहते. आपल्याकडे दहिवरात वेचलेला कापूस ओला भरतो आणि व्यापारी भावात कापून घेतो, हे ज्याने एकदा सोसले आहे त्याला हा मुद्दा समजायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मार्च-एप्रिलमध्ये आमची मुले पहाटे घरच्यांबरोबर मोहफुले वेचायला जातात आणि मग शाळेत पेंगतात. सूर्य आमच्याकडे मुंबईच्या कितीतरी आधी उगवतो, तरी घड्याळ एकच. पूर्व विदर्भाला वेगळी वेळ द्यावी, किंवा निदान उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करावे, असे मला वाटते. आपले मत काय?
(एक शिक्षक, धानोरा तालुका, जिल्हा गडचिरोली)

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन मागण्या आहेत आणि दोन्हींना आमचे उत्तर नकारार्थी आहे, पण त्यामागचे निरीक्षण अगदी बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पृथ्वी एक रेखांश फिरायला चार मिनिटे घेते. मुंबई सुमारे ७२.८ पूर्व रेखांशावर आहे आणि नागपूर ७९.१ वर, म्हणजे दोहोंमध्ये सरासरी २५ मिनिटांचा फरक पडतो. आपल्या जुन्या मापात घटका २४ मिनिटांची, तेव्हा नागपूर मुंबईच्या एक घटका पुढे आहे असे म्हणायला हरकत नाही. गोंदिया, गडचिरोली, धानोरा ही गावे त्याहून पूर्वेला, अर्ध्या तासाच्या आसपास. एप्रिलच्या मध्यावर धानोऱ्याला सूर्य पावणेसहानंतर थोड्याच वेळात उगवतो आणि मुंबईला सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. हा फरक वर्षभर सारखाही राहत नाही. विदर्भ मुंबईच्या उत्तरेलाही असल्यामुळे जूनमध्ये नागपूरचा सूर्योदय मुंबईच्या जवळपास २९ मिनिटे आधी होतो, पण सूर्यास्त फक्त २१ मिनिटे आधी. डिसेंबरात हे आकडे नेमके उलटे होतात.

आता हे दुसऱ्या बाजूने पाहू. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. धानोरा या रेषेच्या जेमतेम नऊ मिनिटे मागे आहे, नागपूर चौदा मिनिटे आणि मुंबई एकोणचाळीस मिनिटे. म्हणजे घड्याळ आणि सूर्य यांचे जमत नाही अशी तक्रार महाराष्ट्रात कोणी करायचीच असेल तर ती मुंबईकरांनी करावी. पूर्व विदर्भात हे घड्याळ अंगच्या सदऱ्यासारखे बसते.

मुंबईने ती तक्रार केलीही होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबई शहराने स्वतःची ३९ मिनिटे मागची 'मुंबई वेळ' सोडली नाही. गिरण्यांत नवी वेळ आली तेव्हा कामगार बिथरले, कारण त्यांच्या दृष्टीने ते ३९ मिनिटे आधी कामावर बोलावणे होते. ती जुनी वेळ १९५५ पर्यंत टिकली. विदर्भ त्या काळात मध्य प्रदेशात होता आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, त्यामुळे एका राज्यात दोन घड्याळे वापरण्याची पाळी आपल्यावर वर्षभराने चुकली. वऱ्हाडातून मुंबईला माल पाठवणाऱ्या तेव्हाच्या कापूस व्यापाऱ्यांना मात्र दोन्ही वेळा मनात बाळगाव्या लागत असणार.

वेगळ्या वेळेची खरी निकड आहे ती ईशान्य भारतात. देशाची पश्चिम आणि पूर्व टोके यांच्यात सुमारे २९ रेखांशांचे, म्हणजे जवळजवळ दोन तासांचे अंतर आहे. आसामच्या चहामळ्यांत म्हणूनच प्रमाणवेळेच्या एक तास पुढची 'बागान वेळ' ब्रिटिश काळापासून चालत आली आहे. देशाची प्रमाणवेळ जिथे राखली जाते त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१८ साली ईशान्येसाठी एक तास पुढची दुसरी वेळ सुचवली होती. केंद्राने अशा मागण्या आजवर मान्य केलेल्या नाहीत, आणि सीमेवर रेल्वेगाड्यांची वेळ हाताने बदलताना होऊ शकणाऱ्या चुका हा त्यामागचा एक गंभीर मुद्दा आहे. अर्ध्या तासाच्या फरकासाठी वर्धा किंवा बडनेऱ्याला अशी सीमा आखावी, असे आपणही म्हणणार नाही.

राहिला उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याचा प्रश्न. ते आपल्या देशात घडून गेले आहे : दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात भारताचे घड्याळ एक तास पुढे होते. त्या काळात जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना जाणकार ज्योतिषी अजूनही तो तास वजा करतात. युद्ध संपले आणि ती पद्धतही संपली. शांततेच्या काळात ती आपल्याला का परवडत नाही, हे समजून घ्यायला अमेरिकेतलीच दोन राज्ये उपयोगी पडतात.

पहिले इंडियाना, ज्याच्याविषयी वर लिहिले. २००६ साली तिथल्या बहुतेक काउंट्यांनी काटे फिरवायला नव्याने सुरुवात केली आणि काही काउंट्या आधीपासून फिरवत होत्या, त्यामुळे संशोधकांना आयतीच तुलना मिळाली. मॅथ्यू कोचेन आणि लॉरा ग्रँट या अर्थशास्त्रज्ञांनी दक्षिण इंडियानातील घरगुती वीजवापर तपासला. दिव्यांची वीज थोडी वाचली खरी, पण एकूण वापर सुमारे एक टक्क्याने वाढला आणि राज्यातील कुटुंबांचे वर्षाला सुमारे ९० लाख डॉलर जास्त खर्च झाले. माणसे सूर्याच्या हिशेबाने तासभर आधी, म्हणजे ऊन असतानाच घरी येऊ लागली आणि वातानुकूलन यंत्रे जास्त वेळ चालू लागली. आपल्याकडच्या टिनाच्या छताखाली मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता बसून पाहावे आणि मग सहा वाजता. कूलरचे बटण कोणत्या तासाला दाबले जाते, ते लगेच कळते.

दुसरे राज्य ॲरिझोना. हे वाळवंटी राज्य. त्याची राजधानी फिनिक्सचा उन्हाळा आपल्या चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला ओळखीचा वाटावा असा. ॲरिझोनाने १९६७ साली एक उन्हाळा घड्याळ पुढे करून पाहिले आणि १९६८ पासून कायमचे सोडून दिले. त्यांचे म्हणणे सरळ होते : थंड देशांतल्या लोकांना संध्याकाळचे ऊन हवे असते, आम्हाला ते लवकर मावळायला हवे. गंमत अशी की राज्याच्या ईशान्य भागातील नावाहो आदिवासींचा स्वशासित प्रदेश शेजारच्या दोन राज्यांतही पसरलेला असल्यामुळे तिथे उन्हाळी वेळ पाळतात, आणि त्या प्रदेशाच्या पोटात चहूबाजूंनी वेढलेला होपी लोकांचा भाग आहे, तिथे पाळत नाहीत. उन्हाळ्यात एखादा माणूस मोटारीने त्या बाजूने आरपार गेला तर एकाच राज्यात त्याला काही तासांत चारदा काटे फिरवावे लागतील.

शिवाय अक्षांशाचा मुद्दा आहे. इंडियानापोलिसला जूनमधला दिवस पंधरा तासांचा आणि डिसेंबरातला साडेनऊ तासांहूनही थोडा लहान असतो. इकडून तिकडे सरकवायला त्यांच्याजवळ उजेडाचा साठा आहे. नागपूरचा सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आत आणि सर्वांत लहान पावणेअकरा तासांहून थोडा मोठा. अडीच तासांच्या या फरकातून एक तास उचलून कोणाचे भले होणार?

आपल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. मोहाची फुले रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात. ऊन चढण्याआधी आणि गुरे-हरणे येण्याआधी झाडाखाली पोहोचावे लागते, आणि त्यासाठी घरचे लोक घड्याळ पाहून उठत नाहीत. मे महिन्यात तेंदूपत्त्याचेही तसेच. घड्याळ तासभर पुढे केले तर फूल आज पाचला गळते ते सहाला गळले असे म्हणावे लागेल, शाळेची घंटा मात्र जुन्याच आकड्यावर, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तासभर आधी होईल, आणि मूल आजच्यापेक्षा जास्त पेंगेल. आपल्याला हवे असलेले नेमके त्याच्या उलट आहे.

या राज्याने विदर्भाचा सूर्य वेगळा आहे हे एका ठिकाणी मान्य केलेलेच आहे : उन्हाळी सुट्टीनंतर बाकीच्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि विदर्भात जूनच्या अखेरीस. घड्याळाला कोणी हात लावला नाही, वेळापत्रक बदलले. शेतमजुरांनी तर कोणाच्या परिपत्रकाविना हे केव्हाच केले आहे. चैत्र-वैशाखात बाया उजाडताच वावरात असतात आणि अकरा-साडेअकराला डोक्यावर पदर घेऊन घराकडे निघतात. मोहफुलांच्या तीन-चार आठवड्यांपुरती शाळेची वेळ गावाच्या सोयीने ठरवू द्यावी, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत घेऊन तालुक्याला पाठवणे हा मार्ग आम्हाला वेगळ्या प्रमाणवेळेपेक्षा जवळचा वाटतो. एप्रिलभर सकाळची शाळा भरवण्याची पद्धत इतर ठिकाणी सोयीची असली, तरी आपल्या गावात तीच अडचणीची ठरत असणार. ठरावात हे स्पष्ट लिहावे.

प्रश्न : मी संकष्टी धरते. माझी सूनबाई ठाण्याला असते, तीही धरते. आमच्याकडे चंद्र दिसला, मी नैवेद्य दाखवून जेवले, आणि तिला फोन केला तर ती म्हणते की अजून अर्धा तास आहे. दिनदर्शिकेत तिचीच वेळ छापलेली असते. मग मी आधी उपास सोडते, त्याचा दोष लागतो का?
(एक गृहिणी, ब्रह्मपुरी तालुका, जिल्हा चंद्रपूर)

उत्तर : दोष लागत नाही, कारण व्रत आपल्या गावच्या चंद्रोदयाचे आहे, छापखान्याच्या गावचे नाही. मुंबईच्या गणितावर बेतलेल्या दिनदर्शिकेतील सूर्योदय आणि चंद्रोदय मुंबईचे असतात. ब्रह्मपुरी ठाण्याच्या पूर्वेला जवळपास सात रेखांश आहे, त्यामुळे आपल्याकडे चंद्र साधारण पंचवीस ते बत्तीस मिनिटे आधी उगवतो. चंद्र आकाशात किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे यावर ही मिनिटे थोडी कमी-जास्त होतात. बऱ्याच दिनदर्शिकांत मागच्या बाजूला नागपूर-अमरावतीच्या वेळा वेगळ्या दिलेल्या असतात, त्या पाहाव्यात. ब्रह्मपुरीला नागपूरची वेळ धरली तर फरक तीन-चार मिनिटांचाच राहतो, आणि तेवढा वेळ पूर्वेच्या झाडांवर चंद्र यायलाही लागतोच.

चतुर्थी ही तिथी मात्र ठाण्याला आणि ब्रह्मपुरीला एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते, कारण ती चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनावर ठरते, जागेवर नाही. जागेनुसार बदलतो तो उदय. परदेशी गेलेल्या मुलामुलींना म्हणून कधी कधी आपल्या आदल्या तारखेला संकष्टी येते, आणि आपल्या पंचांगातली वेळ नुसती तासांनी वजा करून त्यांचा चंद्रोदय निघत नाही. तिथल्या गावासाठी केलेले पंचांग वापरले तरी उन्हाळी वेळेचा एक तास त्यात आधीच मिळवला आहे की नाही, हे तपासावे लागते. आर्वीच्या ताईंनी मुलाला हे जरूर सांगावे.

प्रश्न : आपल्या विधानाची खात्री करण्यासाठी मी १२ फेब्रुवारीला अंगणात सब्बल उभी रोवली, ओळंब्याने सरळ केली, आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी चुन्याची टिकली ठेवत गेलो. बाराला सावली आखूड व्हायचीच होती. ती सर्वांत आखूड झाली साडेबाराच्या सुमारास. माझे घड्याळ मोबाइलशी जुळवलेले आहे. चूक सूर्याची, सब्बलीची की आपली?
(एक निवृत्त ग्रामसेवक, काटोल तालुका, जिल्हा नागपूर)

उत्तर : आमची. आपले मोजमाप इतके चांगले आहे की त्याचा हिशेब मिनिटाला मिनिट लागतो.

काटोल प्रमाणवेळेच्या रेषेच्या पश्चिमेला सुमारे चार रेखांश आहे, त्यामुळे तिथली मध्यान्ह घड्याळाच्या सरासरी सोळा मिनिटे नंतर होते. उरलेली चौदा मिनिटे सूर्याची आहेत. पृथ्वी सूर्याभोवती थोड्या लांबट कक्षेत, कधी वेगाने तर कधी संथ फिरते आणि तिचा आस कललेला आहे. या दोन कारणांनी खरा सूर्य घड्याळाच्या 'सरासरी' सूर्याच्या कधी मागे राहतो तर कधी पुढे जातो. वर्षभरातली त्याची सर्वांत मोठी पिछाडी, सुमारे चौदा मिनिटांची, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात असते. आपण नेमका तोच दिवस निवडलात. सोळा आणि चौदा मिळून तीस, साडेबारा.

एक सूचना करावीशी वाटते. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी इतकी हळू बदलते की सर्वांत आखूड टिकली नेमकी कोणती, हे डोळ्यांनी ठरवणे अवघड जाते. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात शंकू रोवून करत असत ती रीत अधिक भरवशाची आहे. सब्बलीच्या बुडाला सुतळी बांधून तिच्याभोवती जमिनीवर एक वर्तुळ आखावे. सकाळी सावली आखडताना तिचे टोक वर्तुळाला कधी शिवते आणि दुपारी वाढताना पुन्हा कधी शिवते, या दोन वेळा लिहून ठेवाव्यात. त्यांच्या बरोबर मधली वेळ ही आपली मध्यान्ह. वर्तुळावरच्या त्या दोन खुणा दोरीने जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषाही मिळते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य दुपारी बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. त्या सुमारास सूर्य घड्याळाच्या तीन मिनिटे पुढे असतो, त्यामुळे काटोलला हे बारा वाजून तेरा मिनिटांच्या आसपास दिसेल. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्याची आघाडी सोळा मिनिटांवर जाते, तेव्हा काटोलची सोळा मिनिटांची पिछाडी पूर्ण भरून निघते आणि बाराच्या ठोक्याला सावली सर्वांत आखूड होते. आमचे वाक्य काटोलपुरते त्या थोड्या दिवसांत खरे ठरेल, म्हणून सब्बल तोवर अंगणातच राहू द्यावी.